संगणकाच्या मॉनिटरवर एचडी वाहिन्या पाहता येतील का?

मोगरा (कोपरखैरणे)

नमस्कार. आमचे घर सिडकोच्या जुन्या, आटोपशीर घरांपैकी आहे आणि बाहेरच्या खोलीत बसणे, झोपणे, जेवणे असे सगळेच होते. तिथला पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही आता दुरुस्तीपलीकडे गेला आहे. माझे कार्यालयीन काम लॅपटॉपवर होऊ लागल्यापासून २४ इंची मॉनिटर मात्र घरात नुसता पडून आहे. त्याचे रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या बिंदूंची संख्या, १९२० × १०८० आहे, मागे एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए जोडणी आहे, हेडफोन लावण्याची जागा आहे, पण स्पीकर नाहीत.

आईला झी मराठी आणि स्टार प्रवाह या वाहिन्यांवरच्या मालिका पाहायच्या असतात, तर वडिलांना क्रिकेट आणि बातम्या. नवा टीव्ही घेण्याऐवजी एचडी सेट-टॉप बॉक्स घेऊन तो थेट या मॉनिटरला जोडावा असा माझा विचार आहे. वाशीतील एका दुकानात विचारले असता, मॉनिटरमध्ये ट्यूनर नसल्यामुळे त्यावर वाहिन्या दिसणारच नाहीत, असे सांगून त्यांनी ३२ इंची टीव्ही सुचवला. हे म्हणणे कितपत बरोबर आहे? चित्र चांगले दिसेल का, आवाजाची सोय कशी करावी, आणि दोन्ही वयस्कर माणसांच्या डोळ्यांना २४ इंचांचा पडदा पुरेल का, याविषयी ज्यांनी अशी जोडणी प्रत्यक्ष वापरली आहे त्यांनी कृपया लिहावे.

पाचपाखाडीकर (ठाणे)

ट्यूनर नसल्यामुळे वाहिन्या दिसणार नाहीत, हे म्हणणे केबलची तार थेट टीव्हीच्या पाठीमागे खोचली जात असे त्या काळापुरते खरे होते. त्या ॲनालॉग तारेतून सगळ्या वाहिन्या एकत्र येत आणि त्यांतली हवी ती निवडून काढण्याचे काम टीव्हीतला ट्यूनर करत असे. म्हणूनच त्या वेळी मॉनिटरवर टीव्ही पाहायचा तर टीव्ही ट्यूनर नावाची वेगळी डबी लागे. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात ठाणे आणि नवी मुंबई ही शहरे होती आणि त्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. तेव्हापासून आपल्याकडे वाहिनी निवडण्याचे आणि तिचे कुलूप उघडण्याचे सगळे काम सेट-टॉप बॉक्सच करतो. बॉक्समधून बाहेर पडते ते तयार चित्र, आणि ते दाखवण्यासाठी पडद्याला ट्यूनरची काहीच गरज उरत नाही. आपण केबल घ्या किंवा छतावरची डिश, दोन्हींना हे सारखेच लागू आहे.

अडचण आलीच तर ती एचडीसीपीमुळे येऊ शकते. चित्राची नक्कल होऊ नये म्हणून बॉक्स आणि पडदा एचडीएमआयच्या तारेतून एकमेकांची ओळख पटवून घेतात, आणि पडद्याकडून अपेक्षित उत्तर आले नाही तर बॉक्स चित्र रोखून धरतो किंवा पडद्यावर सूचना दाखवतो. एचडीएमआय जोडणी असलेल्या मॉनिटरमध्ये ही सोय बहुधा असतेच. ती नसण्याचा धोका मुख्यतः डीव्हीआय जोडणीच्या जुन्या मॉनिटरांना असतो. तरीही बॉक्स बसवायला येणाऱ्या माणसाला आपला पडदा मॉनिटर आहे हे आधीच सांगावे आणि संरक्षित एचडी वाहिनी प्रत्यक्ष लागलेली पाहूनच पैसे द्यावेत. व्हीजीएच्या वाटेला जाऊच नये. ती ॲनालॉग जोडणी आहे, तिच्यातून आवाज जात नाही आणि एचडीसीपीही चालत नाही.

आता चित्राविषयी. दुकानदाराने सुचवलेल्या ३२ इंची टीव्हीचे रिझोल्यूशन किती आहे, हे आपण अवश्य विचारावे. आपल्या बाजारातले स्वस्त ३२ इंची संच बहुतांशी ‘एचडी रेडी’ असतात, म्हणजे त्यांच्या पडद्यावर १३६६ × ७६८ एवढेच बिंदू असतात. गुणाकार केला तर ते साडेदहा लाखांच्या आत भरतात, तर आपल्या मॉनिटरवर वीस लाख त्र्याहत्तर हजारांहून अधिक बिंदू आहेत. एचडी वाहिनीचे चित्र १९२० × १०८० चे असते. आपल्या मॉनिटरवर त्याचा प्रत्येक बिंदू आपापल्या जागी बसू शकतो, त्या टीव्हीवर मात्र चित्र आकसून दाखवावे लागते. शिवाय अनेक टीव्ही मूळ सेटिंगमध्ये चित्राच्या चारही कडा थोड्या कापतात. ही पिक्चर ट्यूबच्या काळापासून चालत आलेली सवय आहे, आणि मॉनिटर सहसा तसे करत नाही. तेव्हा हाताशी असलेला चांगला पडदा बाजूला ठेवून त्याहून कमी बिंदूंचा पडदा विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऐरोलीकर (ऐरोली)

पाचपाखाडीकरांचे तांत्रिक विवेचन मला मान्य आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष अपुरा वाटतो, कारण पाहणारा माणूस किती अंतरावर बसणार आहे याचा विचार त्यात झालेला नाही. मॉनिटर घडवला जातो तो टेबलाशी बसून हातभर अंतरावरून पाहण्यासाठी, आणि टीव्ही आपण पाहतो तो खोलीच्या दुसऱ्या भिंतीशी बसून.

निरोगी नजरेला ढोबळमानाने एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. २४ इंची पडद्याची उंची सुमारे ३० सेंटिमीटर असते. तीत १०८० ओळी बसवल्या तर एका ओळीच्या वाट्याला पाव मिलिमीटरहून किंचित अधिक जागा येते, आणि एवढी बारीक ओळ डोळ्याला वेगळी दिसते ती साधारण तीन फुटांपर्यंतच. त्यापलीकडे गेले की एचडीचा तपशील पडद्यावर असतो, पण डोळ्यापर्यंत पोहोचत नाही. हाच हिशेब साध्या, म्हणजे ५७६ ओळींच्या वाहिनीला लावला तर अंतर सहा फुटांच्या आसपास येते. याचा अर्थ असा की सात फुटांवरून २४ इंची पडद्याकडे पाहणाऱ्या माणसाला साधी वाहिनी आणि एचडी वाहिनी यांच्या बारकाव्यात जवळजवळ फरक जाणवणार नाही, आणि एचडीसाठी भरलेले जादा पैसे त्याच्यापुरते वाया जातील. चष्म्याचा नंबर किंवा मोतीबिंदू असल्यास ही अंतरे आणखी कमी धरावी लागतात.

येथे एक गोष्ट दुकानदाराच्या बाजूनेही बोलली पाहिजे. ३२ इंची ‘एचडी रेडी’ संचात बिंदू कमी असले, तरी सात फुटांवरून ते कमी आहेत हे कळणारच नाही. कळेल ते एवढेच की चेहरे आणि अक्षरे तिथे लांबी-रुंदीने एक तृतीयांश मोठी आहेत. बातम्यांची खालून सरकणारी पट्टी आणि क्रिकेटचा धावफलक आपल्या वडिलांना वाचता येतो की नाही, हा माझ्या मते बिंदूंच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे. म्हणून आपण प्रथम पलंगापासून पडद्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि मगच काय ते ठरवावे.

अंतर कमी करणे मात्र आपल्या हाती आहे, आणि लहान घरात ते मोठ्या घरापेक्षा सोपे जाते. मॉनिटरच्या पाठीवर १०० × १०० किंवा ७५ × ७५ मिलिमीटर अंतरावर चार स्क्रूंची भोके असतील, तर भिंतीवर घडीचा हात बसवून त्यावर तो टांगता येतो. पाहताना पुढे ओढावा, एरवी भिंतीला लावून ठेवावा. काही स्वस्त मॉनिटरांना ही भोके नसतात, ती आधी पाहून घ्यावीत. जुन्या इमारतींत गिलावा भुसभुशीत झालेला असतो, त्यामुळे हाताचे स्क्रू विटेत खोलवर गेले आहेत याची खात्री करावी. हात पुढे ओढला की वजनाची ओढ वरच्या स्क्रूंवर बरीच वाढते.

मोगरा (कोपरखैरणे)

दोघांचेही मनापासून आभार. अंतर मोजले. पलंगाच्या कडेपासून भिंत सात फुटांवर आहे, आणि घडीचा हात बसवला तर पडदा सुमारे पाच फुटांवर येऊ शकेल. मॉनिटरला १०० मिलिमीटरची भोके आहेत.

दरम्यान केबलवाले एचडी बॉक्स घेऊन आले होते. तो मॉनिटरला जोडल्यावर काही क्षण कंपनीचे चिन्ह दिसले आणि त्यानंतर काळ्या पडद्यावर ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ अशी सूचना आली. तार बदलूनही तेच झाले. हाच बॉक्स शेजाऱ्यांच्या टीव्हीवर व्यवस्थित चालला. ही एचडीसीपीची अडचण समजावी का? आणि मॉनिटर यासाठी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ होतो का?

नेरूळकर (नेरूळ)

मी बॉक्स आणि पडदे जोडण्याच्याच व्यवसायात आहे आणि आपण वर्णन केलेली सूचना मॉनिटरांवर वारंवार पाहतो. ही एचडीसीपीची तक्रार दिसत नाही. तशी तक्रार असती तर सूचना सहसा बॉक्सने दाखवली असती. ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ किंवा ‘आउट ऑफ रेंज’ हे शब्द मॉनिटर स्वतः दाखवतो, आणि त्यांचा अर्थ एवढाच की आलेल्या चित्राची पद्धत त्याला ओळखता आलेली नाही.

आपल्याकडच्या एचडी वाहिन्या १०८० आय या पद्धतीने प्रसारित होतात. यातल्या ‘आय’चा अर्थ असा की एका वेळी संपूर्ण चित्र न पाठवता आधी विषम क्रमांकाच्या ओळी आणि मग सम क्रमांकाच्या ओळी पाठवल्या जातात, आणि अशी अर्धी चित्रे सेकंदाला ५० येतात. हा ५०चा आकडा आपल्या विजेच्या ५० हर्ट्झशी जुळवून घेतलेल्या पाल या जुन्या टीव्ही प्रसारण पद्धतीतून आला आहे. संगणकाचा मॉनिटर मात्र मुळात सेकंदाला ६० पूर्ण चित्रांसाठी बनवलेला असतो. काही मॉनिटर ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० चित्रे, स्वीकारतात, काही ते स्वीकारतात पण अर्ध्या ओळींचे चित्र स्वीकारत नाहीत, आणि काही दोन्ही नाकारतात. टीव्हीला हे सगळे चालवून घ्यावेच लागते, म्हणून शेजाऱ्यांकडे बॉक्स सुरळीत चालला.

उपाय बॉक्सच्या सेटिंगमध्ये आहे. बॉक्स पुन्हा शेजाऱ्यांच्या टीव्हीला जोडावा, मेनूमध्ये व्हिडिओ आउटपुट किंवा रिझोल्यूशन असा पर्याय असतो तिथे १०८० आय बदलून ७२० पी निवडावे (‘पी’ म्हणजे एका वेळी सगळ्या ओळींचे पूर्ण चित्र), बदल कायम करावा आणि मग बॉक्स मॉनिटरला लावावा. ‘ऑटो’ असा पर्याय असल्यास तो या वेळी टाळावा. १०८० पी उपलब्ध असेल तर तोही करून पाहावा. परंतु मॉनिटर ५० हर्ट्झच नाकारत असेल तर ५० हर्ट्झवरचे कोणतेच रिझोल्यूशन चालणार नाही, आणि मग बॉक्सच्या मेनूत ६० हर्ट्झचा पर्याय आहे का ते शोधावे लागेल. तोही नसेल तर या बॉक्सपुरता हा मॉनिटर सोडून द्यावा, कारण ५० चे ६० करून देणारे वेगळे परिवर्तक यंत्र घेण्यात टीव्हीच्या किमतीचा बराच भाग खर्च होतो.

मॉनिटरने १०८० आय स्वीकारले असते तरीही मी ७२० पी किंवा १०८० पीच सुचवले असते, आणि त्यामागचे कारण क्रिकेट पाहणाऱ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. विषम आणि सम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. फलंदाजाने चेंडू टोलावला आणि कॅमेरा सीमारेषेकडे वेगाने वळला की त्या दोन क्षणांत चित्र बरेच पुढे सरकलेले असते. दोन्ही अर्धी चित्रे नुसती एकमेकांत गुंफली तर खेळाडूच्या कडांना कंगव्याच्या दातांसारखी करवत दिसू लागते. ही करवत काढून टाकण्याचे काम टीव्हीतली चिप चांगले करते, बॉक्सही बऱ्यापैकी करतो, मॉनिटर मात्र ते बहुधा ओबडधोबड करतो, कारण संगणकाकडून अशी अर्धी चित्रे त्याच्याकडे कधी येतच नाहीत. तेव्हा हे काम बॉक्सकडेच ठेवावे आणि मॉनिटरला पूर्ण झालेले चित्र द्यावे.

७२० पी निवडल्याने एचडी वाया गेले असे वाटून घेऊ नये. ऐरोलीकरांनी मांडलेला हिशेबच पुढे नेला तर २४ इंची पडद्यावर ७२० ओळींचा तपशील पावणेपाच फुटांपर्यंत ओळखता येतो. आपला पडदा पाच फुटांवर असेल तर त्याहून अधिक ओळी दिल्या तरी दिसणाऱ्या चित्रात फरक पडत नाही.

पाचपाखाडीकर (ठाणे)

अंतराविषयीचा ऐरोलीकरांचा मुद्दा मी स्वीकारतो. सात फुटांवरच बसायचे असेल तर २४ इंची पडदा वयस्कर माणसांवर लादू नये. पाच फुटांवर पडदा येणार असेल तर मात्र माझे मत कायम आहे.

नेरूळकरांना एक विचारावेसे वाटते. मॉनिटरने ५० हर्ट्झ स्वीकारले आणि आतून तो ६० नेच चालत राहिला, तर दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा दाखवले जाणार. बातम्यांची पट्टी सरकताना त्यामुळे जो हलका हिसका बसतो, तो मला स्वतःला फार खटकतो. त्यावर काही उपाय आहे का?

नेरूळकर (नेरूळ)

आपले निरीक्षण बरोबर आहे, आणि बाहेरून त्यावर उपाय नाही. मॉनिटरच्या माहितीच्या पानावर ‘५० हर्ट्झ’ असे लिहून आले तरी ते येणाऱ्या चित्राविषयी असते. पडदा आतून कोणत्या गतीने चालतो ते त्यावरून कळत नाही. पट्टीच्या अक्षरांकडे मिनिटभर पाहिले की उत्तर मिळते. मालिका पाहताना हा हिसका फारसा जाणवत नाही, कारण तिथे कॅमेरा बहुतेक वेळ चेहऱ्यावर स्थिर असतो. आपल्या वडिलांना तो खटकतो का, हे त्यांना एक संपूर्ण सामना दाखवून विचारावे. ज्यांना तो खटकतो त्यांना तो नंतरही खटकतच राहतो, असा माझा अनुभव आहे.

मोगरा (कोपरखैरणे)

७२० पी केल्यावर चित्र लगेच आले. आई-वडील दोघांनाही पाच फुटांवरून पट्टी वाचता येते, आणि तिच्या हिसक्याविषयी वडिलांनी आपणहून काही म्हटले नाही. दोन गोष्टी उरल्या आहेत. काळा रंग राखाडी दिसतो, विशेषतः मालिकांतील रात्रीच्या प्रसंगांत. आणि मॉनिटरच्या हेडफोनच्या जागी संगणकाचे जुने स्पीकर जोडले असता काही वाहिन्यांवर आवाज येतो, काहींवर अजिबात येत नाही.

नेरूळकर (नेरूळ)

आवाजाची गोष्ट सोपी आहे. काही वाहिन्यांचा आवाज डॉल्बी डिजिटल स्वरूपात येतो आणि तो उलगडण्याची सोय मॉनिटरमध्ये नसते. बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ निवडले की बॉक्स आवाज स्वतः उलगडून साध्या स्वरूपात पाठवतो आणि तो सगळ्याच वाहिन्यांवर ऐकू येतो. तरीही खरखर राहिली तर बॉक्सच्या मागे असलेल्या एव्ही जोडणीच्या लाल आणि पांढऱ्या टोकांतून आवाज थेट स्पीकरला द्यावा. चित्र एचडीएमआयने आणि आवाज वेगळ्या तारेने, असे बहुतेक बॉक्सवर चालते. ब्लूटूथ स्पीकर या कामासाठी शक्यतो टाळावा. त्यात आवाज किंचित मागे पडतो, आणि ओठांची हालचाल व शब्द यांतली तफावत मालिका पाहणाऱ्याला बोलण्याच्या प्रत्येक प्रसंगात जाणवते. आवाज कमी-जास्त करण्यासाठी बॉक्सचा रिमोट पुरेसा असतो. स्पीकरचा आवाज एकदा मध्यम ठेवून द्यावा.

राखाडी काळ्याचे कारण असे की टीव्हीच्या चित्रात काळ्याची पातळी १६ आणि पांढऱ्याची २३५ धरलेली असते, तर संगणकाच्या चित्रात ० ते २५५. मॉनिटर बॉक्सला संगणक समजून १६ या पातळीला काळ्याऐवजी गडद राखाडी दाखवतो. मॉनिटरच्या मेनूमध्ये ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘आरजीबी रेंज’ असा पर्याय असतो, तो ‘लो’ किंवा ‘लिमिटेड’ करावा. काही मॉनिटरांमध्ये त्याऐवजी पीसी आणि एव्ही अशी निवड असते, तिथे एव्ही निवडावे. यानंतरही काळा रंग थोडा उजळ राहिला तर तो पॅनेलचा, म्हणजे पडद्याच्या जातीचा, गुण समजावा. आयपीएस जातीच्या पॅनेलचा काळा रंग व्हीए जातीच्या पॅनेलइतका गडद नसतो, मात्र बाजूने पाहिले तरी त्याचे रंग बदलत नाहीत, आणि दोघे जण पलंगावर शेजारी बसून पाहणार असतील तर हे अधिक उपयोगाचे आहे.

ऐरोलीकर (ऐरोली)

एक छोटीशी पुरवणी. काळ्याची पातळी बदलल्यानंतर मॉनिटरचा ब्राइटनेसही कमी करावा. कार्यालयीन कामासाठी दिवसाच्या उजेडात ठेवलेला ब्राइटनेस रात्री पाच फुटांवरून डोळ्यांना त्रास देतो, आणि तो उतरवला की राखाडी काळाही आपोआप गडद होतो. हाताचे स्क्रू मात्र पडदा लावण्यापूर्वी एकदा जोर देऊन तपासावेत.